जपानच्या उन्हाळ्यात गर्दीबाहेरचं गाव कसं निवडावं

पंधरा ऑगस्टला पतेती आणि शनिवार-रविवार जोडून रजा टाकायची आणि जपान गाठायचं, हा बेत कागदावर झकास दिसतो. अडचण एवढीच की त्याच आठवड्यात अख्खा जपान आपापल्या गावी निघालेला असतो. 13 ते 16 ऑगस्ट हे ओबोनचे दिवस. पितरांचा सण, सगळं कुटुंब मूळ घरी जमतं. शहरं थोडी रिकामी होतात खरी, पण गावाकडच्या गाड्या, खोल्या आणि भाड्याच्या मोटारी हातोहात जातात. म्हणजे तुम्ही ज्या शांत खेड्याच्या शोधात आहात, ते वर्षातून एकदा गजबजतं नेमकं तेव्हाच.

2024 मध्ये जपानला 3 कोटी 68 लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले. त्यातले बहुतेक तोक्यो, क्योतो, ओसाका या पट्ट्यातच फिरले. त्यामुळे गर्दी टाळायला जागा भरपूर आहे. पण इंटरनेटवरच्या ‘दहा अनवट गावां’च्या यादीतून एक नाव उचलणं ही त्याची पद्धत नव्हे. जिथे शांतता टिकून आहे तिथे पोचायला काहीतरी कटकट असते: गाडी दिवसाला तीनदा, शेवटची बस पाचला, बोट वाऱ्यावर अवलंबून. ती कटकट नसती तर गर्दी कधीच पोचली असती. म्हणून प्रदेश निवडताना मी एकच प्रश्न धरून बसतो: यातली कोणती गैरसोय आपल्या घरच्यांना झेपेल?

आधी तारखा, मग नकाशा

जपानचा उन्हाळा जून ते सप्टेंबर, म्हणजे आपला पावसाळा. त्यातही सगळे दिवस सारखे नसतात.

मुख्य बेटावर, होन्शूवर, जूनच्या सुरुवातीपासून साधारण जुलैच्या मध्यापर्यंत ‘त्सुयू’ असतो, म्हणजे पावसाचा हंगाम. ईशान्येकडच्या तोहोकू भागात तो थोडा उशिरा येतो आणि जुलैअखेरपर्यंत रेंगाळतो. ओकिनावात मेपासूनच सुरू होऊन जूनअखेर संपतो. होक्काइदोत त्सुयू मानतच नाहीत. आपल्या मृगाच्या मानाने हा पाऊस बहुतेक दिवस मवाळ, झिमझिमणारा असतो. पण हंगाम संपता संपता मात्र तो अंगावर येतो, दरडी-पूर होतात ते बहुतेकदा तेव्हाच.

जुलैच्या तिसऱ्या सोमवारी ‘समुद्र दिना’ची सुट्टी. 20 जुलैच्या आसपास शाळा बंद होतात. 11 ऑगस्टला ‘पर्वत दिन’, त्याला लागून ओबोन. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तोहोकूतले मोठे उत्सव येतात: आओमोरीचा नेबुता 2 ते 7 तारखेला, अकिताचा कान्तो 3 ते 6, सेन्दाईचा तानाबाता 6 ते 8. हे उत्सव बघायलाच जायचं असेल तर जरूर जा, फक्त तो प्रवास शांत म्हणू नका. त्या आठवड्यात आसपासच्या शहरांतही खोली मिळायची मारामार असते. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरभर वादळांचा जोर, आणि त्यांचा तडाखा ओकिनावा, क्यूशू, शिकोकू आणि किई द्वीपकल्पाला आधी बसतो.

यातून आपल्या सोयीच्या दोन फटी उरतात.

पहिली, जूनचा पहिला पंधरवडा. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्याआधी मुलांना घेऊन जायचं तर हीच वेळ. मे महिन्याच्या सुरुवातीची जपानी सुट्ट्यांची झुंबड ओसरलेली असते, तोहोकूत पाऊस पोचलेला नसतो, आणि भाताची लावणी नुकतीच झाल्याने खाचरं पाण्याने भरलेली असतात. माझ्या मते ग्रामीण जपान बघायला याहून चांगला काळ नाही.

दुसरी, 18 ऑगस्टनंतरचे दहा-बारा दिवस. ओबोन आटोपून लोक कामावर परतलेले असतात. तोहोकू आणि होक्काइदोतली उन्हाळी सुट्टी मुळात छोटी, तिथल्या शाळा ऑगस्ट संपायच्या आतच भरतात. ऊन असतं, पण गर्दी नसते. तोक्योत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर ही फट सोडूच नये.

गारवा हवा असेल तर उंची बघा

‘गाव म्हणजे गार’ हा समज जपानात महागात पडतो. खोलगट खोऱ्यांत उष्णता कोंडते. 5 ऑगस्ट 2025 रोजी देशातलं विक्रमी तापमान, 41.8 अंश, नोंदवलं गेलं ते तोक्योत नव्हे, गुन्मा प्रांतातल्या इसेसाकीत. सोबत दमट हवा. मे महिन्यातला नागपूरकर ऊन सोसेल, पण ही चिकचिक वेगळी.

ढोबळ हिशेब असा धरा की दर 100 मीटर चढल्यावर पारा 0.6 अंशाने उतरतो. सपाटीवर 35 असेल तर हजार मीटरवर 29. म्हणून गावाचं नाव पक्कं करण्याआधी नकाशावर त्याची उंची तपासा. 700 मीटरच्या वर असेल तर रात्री पांघरूण लागेल. 200-300 मीटरवरच्या खोऱ्यात असेल तर सकाळ-संध्याकाळ छान आणि दुपार घरात, असा दिवस आखावा लागेल. दुसरा मार्ग उत्तरेकडे सरकण्याचा. पूर्व होक्काइदोतल्या कुशिरोला ऑगस्टमध्येही दुपारचं सरासरी तापमान 22 अंशांच्या आसपास राहतं, कारण थंड समुद्रावरून धुकं आत येतं.

शेवटची बस कितीला?

आता खरी चाळणी. मनात असलेल्या गावासाठी नकाशाच्या अ‍ॅपमध्ये नुसतं अंतर बघू नका. ज्या तारखेला जाणार ती तारीख आणि वार घालून मार्ग काढा, येण्याचा आणि परतीचाही. मग स्थानिक बस कंपनीचं किंवा गावाच्या नगरपालिकेचं वेळापत्रक उघडा आणि भाषांतर करून वाचा. त्यात ‘हेइजित्सु’ म्हणजे कामाचे दिवस आणि ‘दोनिचिशुकु’ म्हणजे शनिवार, रविवार, सुट्ट्या असे वेगळे तक्ते असतात. बऱ्याच ग्रामीण फेऱ्या शाळकरी मुलांसाठी चालवलेल्या असतात, त्यामुळे शाळेला सुट्टी की बसला सुट्टी. उन्हाळ्यात जाणाऱ्या पर्यटकाला नेमका हाच तळटिपेतला बारीक मजकूर नडतो. काही गावांत बसऐवजी आदल्या दिवशी फोन करून बोलवायची सामायिक टॅक्सी असते. जपानी येत नसेल तर तो फोन मुक्कामाच्या घरमालकाला करायला सांगा, ते सहसा आनंदाने करतात.

वेळापत्रक बघून तीनपैकी एक निर्णय घ्या. दिवसाला चार-पाच फेऱ्या असतील तर गाडी-बसने भागेल. दोन-तीन असतील तर तिथे किमान दोन रात्री काढा, धावती भेट नको. त्याहून कमी असतील तर मोटार.

मोटारीला घाबरायचं कारण नाही. जपानातही डावीकडूनच वाहनं चालतात. भारताचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना 1949 च्या जिनिव्हा कराराखालचा असल्याने तो जपानात चालतो. सारथी पोर्टलवरून आरटीओकडे अर्ज करायचा, शुल्क 1000 रुपये, मुदत एक वर्ष, सोबत मूळ परवाना आणि पासपोर्ट. जर्मनीत स्थायिक झालेल्यांनी मात्र लक्ष द्यावं: तिथला आंतरराष्ट्रीय परवाना जपानात चालत नाही, जर्मन परवान्याचं मान्यताप्राप्त जपानी भाषांतर लागतं. चालवताना एक सवय मोडावी लागते. लाल उलटा त्रिकोण दिसला की चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता रिकामा असला तरी. डोंगरातल्या एकपदरी रस्त्यांसाठी छोटी ‘केइ’ गाडीच घ्या. समोरून ट्रक आला की कळेल का ते.

काही प्रदेश, हातचं न राखता

*ओकु-आइझु, फुकुशिमा प्रांताचा पश्चिम भाग.* पहिल्यांदाच गर्दीबाहेर जाणाऱ्यांना मी हा सुचवतो, कारण इथली गैरसोय स्पष्ट आहे आणि तिच्यावर उपाय आहे. फुकुशिमा म्हटलं की लोक दचकतात, पण अणुप्रकल्प प्रांताच्या पूर्व किनाऱ्यावर आहे आणि हा भाग डोंगरांपलीकडे, त्याच्यापासून शंभर किलोमीटर आणि त्याहून लांब.

तोक्योहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, कोरियामा, साधारण सव्वा-दीड तास. तिथून बानएत्सु-पश्चिम मार्गाने आइझु-वाकामात्सु, आणखी सव्वा तास. तिथे सुरू होते तादामी लाइन, 135 किलोमीटरची एकेरी लाइन, नदीला पुनःपुन्हा ओलांडत जाणारी. जुलै 2011 च्या अतिवृष्टीत तिचे पूल वाहून गेले. मधला तुकडा तब्बल अकरा वर्षं बंद होता आणि ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला. तोट्यातला मार्ग बंद करून बस चालवण्याचा पर्याय समोर होता, पण प्रांत आणि गावांनी रुळांचा भार उचलला आणि गाड्या रेल्वे कंपनीने चालवायच्या असं ठरलं. आइझु-कावागुचीच्या पुढे तादामीपर्यंत दिवसाला जेमतेम तीन फेऱ्या आहेत. एक चुकली की पुढची थेट काही तासांनी. हीच इथली कटकट, आणि म्हणूनच इथे रांगा नाहीत.

मुक्काम मिशिमा गावात करा. नकाशावर नुसतं ‘मिशिमा’ टाकलंत तर शिझुओकातलं, फुजीजवळचं शिनकान्सेनचं स्टेशन समोर येईल. ते नव्हे. तुमचं स्टेशन आइझु-मियाशिता. या लाइनच्या नदीवरच्या पहिल्या पुलाचा प्रसिद्ध देखावा बघायची जागा गावाबाहेर हमरस्त्यावरच्या थांब्याजवळ आहे, स्टेशनपासून चालत पाऊण तासाची, शेवटी पायऱ्यांची चढण. उन्हाळ्यात नदीचं पाणी थंड आणि हवा दमट, त्यामुळे पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास पाण्यावर धुकं पसरतं. तेव्हाच गाडी पुलावरून गेली तर पोस्टकार्डावरचं चित्र मिळतं. म्हणून आदल्या रात्री गाडीची वेळ बघून ठेवा आणि पहाटेचीच निवडा. दुपारी तिथे उभं राहून घामाशिवाय काही मिळत नाही.

बाकीचे दोन दिवस संथपणे भरतात. मिशिमात डोंगरी द्राक्षवेलीच्या सालीच्या टोपल्या-पिशव्या विणतात. किंमत ऐकून धक्का बसेल, पण एक पिशवी दोन पिढ्या वापरतात. यानाइझुला एन्झोजी मंदिर, मान डोलवणाऱ्या लाल गाईच्या खेळण्याची कथा तिथली, आणि बाजूलाच राळ्याचे वाफाळते मांजू, म्हणजे सारण भरलेले गोड उंडे. आतलं सारण लाल चवळीसारख्या गोड डाळीचं. कानेयामात धुक्यातून वल्हवत नेणारी लाकडी नाव आहे, 1964 च्या भूस्खलनानंतर लोकांनी सोडून दिलेल्या मिफुके गावाच्या काठाला जाणारी, ती आगाऊ ठरवावी लागते. तिथून आत शोवा गावात कारामुशी नावाच्या झाडाच्या धाग्याचं कापड विणतात. त्याची कापणी जुलैत असते, पण तिथे जायला मोटार हवीच.

उणं काय? दुपारी इथे बऱ्यापैकी उकडतं, कारण खोरं फार उंचावर नाही. आणि जोराचा पाऊस आला की गाड्या थांबतात.

*हागुरो, यामागाता प्रांत.* आईवडील शाकाहारी असतील तर हा पहिला पर्याय. देवदारांसारख्या उंच सुगी वृक्षांमधून 2,446 दगडी पायऱ्या डोंगरमाथ्याच्या मंदिराकडे जातात. सुरुवातीलाच पाच मजली लाकडी पॅगोडा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी वरपर्यंत बस आहे. पायथ्याच्या तोगे वस्तीत यात्रेकरूंची निवासं आहेत, ‘शुकुबो’. तिथे शोजिन, म्हणजे साधूंचं जेवण मिळतं: तिळाचा तोफू, रानभाज्या, जूनमध्ये डोंगरातले कोवळे बांबूचे कोंब. तरी शुकुबो म्हटलं की आपोआप शाकाहारी, असं गृहीत धरू नका, विचारून घ्या. शेजारचा 1,984 मीटरचा गास्सान 1 जुलैला उघडतो आणि त्याच्या उतारांवर तेव्हाही बर्फ असतो. तोक्योहून निइगातामार्गे त्सुरुओका गाठायला चार तास धरा, पुढे बस.

*पूर्व होक्काइदो.* ज्यांना उकाडा अजिबात सोसत नाही त्यांच्यासाठी. कुशिरोची पाणथळ, कुश्शारो सरोवर, कावायु ओन्सेनचा, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचा, गंधकाचा वास. जूनमध्ये उजाडतं पावणेचारला, जाड पडद्याची खोली मागा. अंतरं विदर्भासारखी लांबलचक, त्यामुळे मोटारीशिवाय जाऊ नका, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मोटार महाग. फुरानोचे जांभळे लॅव्हेंडरचे मळे याच बेटावर पण मध्यभागी आहेत, आणि जुलैत तिथे जत्रा असते.

*इया खोरं, शिकोकू.* उभ्या डोंगरांना चिकटलेली घरं, वेलींचा झुलता पूल (दर तीन वर्षांनी नव्याने विणतात), बकव्हीटचे नूडल्स. ओकायामाहून ओबोके स्टेशन दोन तासांच्या आत येतं. पुढच्या बस मोजक्या. वेलींच्या पुलाशी दुपारी गर्दी असते, पण आत ओचियाईकडे सरकलात की माणूस दिसणं मुश्कील. फक्त ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरात नको. वादळात घाटरस्ते बंद होतात.

*कायदा पठार, नागानो.* ओन्ताके पर्वताच्या पायथ्याशी, 1,100 मीटरच्या वर. किसो-फुकुशिमा स्टेशनवरून बस. बघण्याजोगं फार नाही: आखूड पायांचे किसो घोडे, शेतं, गार वारा. आठवडाभर तोक्यो-क्योतो करून थकलेल्यांना तेवढंच हवं असतं. याच खोऱ्यातल्या मागोमे-त्सुमागो वाटेवर आता परदेशी पाहुण्यांची रीघ आहे.

*ओकी बेटं, शिमाने.* उन्हाळ्यात समुद्र सुंदर, कुनिगा किनाऱ्यावर 257 मीटरचा ताशीव कडा, परदेशी माणूस क्वचित. पण सगळं जेवण समुद्राचं. मासे खाणाऱ्या मालवणी-गोवेकर मंडळींनी खुशाल जावं, शाकाहाऱ्यांनी जाऊ नये. बोट रद्द झाली तर अडकायची तयारी हवी, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री इथे राहू नका.

नोतो द्वीपकल्पाचं नाव जुन्या लेखांत सापडेल. 1 जानेवारी 2024 चा भूकंप आणि त्याच सप्टेंबरातला पूर यातून तो भाग सावरतो आहे. जायचं तर कुठली निवासं चालू आहेत हे आधी विचारून जा.

खोली आणि ताट

गावात हॉटेल नसतं, ‘मिन्शुकु’ असतं: कुटुंबाच्या घरातल्या चार-सहा खोल्या, तातामीवर (गवती चटईवर) गादी, सामायिक न्हाणीघर. दर खोलीचा नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण व नाश्ता धरलेला असतो. जेवण सहा-साडेसहाला. आठला पोचलात तर यजमान नाराज होतील आणि बाहेर काही उघडं नसेल. पाचच्या आत पोचा.

शाकाहाराचा खरा शत्रू मांस नव्हे, ‘दाशी’. हे वाळवलेल्या कात्सुओ माशाचं पाणी. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, सोबाचं (बकव्हीट नूडल्सचं) बुडवायचं पाणी, इनारीचा गोड तोफू, सगळ्यात ते असतं. तयार करी-मसाल्यात बहुतेकदा प्राण्याची चरबी असते. तेव्हा ‘आम्ही व्हेजिटेरियन’ एवढंच लिहिलंत तर प्रेमाने माशाच्या पाण्यातली भाजी वाढतील. आरक्षणाआधी असा निरोप भाषांतर करून पाठवा:

‘आम्ही दोघं मांस, मासे आणि माशाचं दाशी खात नाही. कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमचं दाशी चालतं. अंडी, दूध चालतं. वेगळं काही बनवणं अवघड असेल तर भात, तळलेल्या भाज्या, मीठ लावलेला तोफू पुरेसा आहे. जमणार नसेल तर मोकळेपणाने कळवा, आम्ही फक्त नाश्ता घेऊ.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्यांना नाही म्हणायला वाट दिली की खरं उत्तर येतं. नकार आला तर बिनजेवणाची खोली घ्या आणि मोठ्या स्टेशनवरून उमेबोशीचे ओनिगिरी (खारवलेलं आंबट फळ घातलेले भाताचे गोळे), केळी, पाकीटबंद भात बरोबर न्या. पोह्याचा चिवडा, मेतकूट, लोणच्याची बाटली असली तर तिथला गरम भात सोन्यासारखा लागतो.

बेत बांधताना

एकच प्रदेश, तीन रात्री. दोन प्रदेश जोडायला गेलात तर सुट्टी फलाटावर जाते. मोठ्या बॅगा शहरातल्या हॉटेलातून पुढच्या शहरातल्या हॉटेलात ताक्क्यूबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, पाठवून द्या, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पोचतात, आणि गावाकडे पाठपिशवी घेऊन निघा. रोख येन जवळ असू द्या. परदेशी कार्ड पोस्टाच्या आणि सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमवर चालतं, पण खेड्यातलं पोस्टाचं एटीएम संध्याकाळी बंद होतं. तोहोकूत डोंगरवाटांवर जायचं तर अस्वलासाठी घंटा बांधा आणि गावच्या कार्यालयातली सूचना वाचा. 2025 मध्ये अकितात अस्वलांचे हल्ले इतके वाढले की सैन्य मदतीला बोलवावं लागलं. ओढ्याकाठी चावऱ्या माश्या असतात, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा लागेल.

पावसामुळे एक दिवस वाया जाणार असं धरूनच चाला. गाडी थांबली तर बसचा पर्याय कोणता, बसही थांबली तर मुक्काम वाढवता येईल का, हे पहिल्या संध्याकाळीच यजमानांना विचारून ठेवा.

आरक्षणाचा क्रम असा: सगळ्यात आधी मिन्शुकु, कारण खोल्याच मोजक्या. मग मोटार. विमान त्यानंतर घेतलं तरी चालेल, निदान रद्द करता येणारी खोली हातात असावी. रेल्वेची आरक्षित जागा शेवटी, कारण ती प्रवासाच्या एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी 10 वाजता विक्रीला येते. आपल्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. कोरियामाला जाणाऱ्या यामाबिको गाड्यांना बिनआरक्षित डबेही असतात, त्यामुळे तिथे अडत नाही. उत्तरेकडच्या हायाबुसाला मात्र ते नाहीत, आणि ओबोनच्या आगेमागे जायचं असेल तर तिच्यासाठी गजर लावून उठा.